पेंढ्याची भिंत मोऱ्यात टिकेल काय?

लाकडी सांगाड्यात पेंढ्याच्या गाठी भरून घर बांधणे युरोप-अमेरिकेत शिबिरांतून हाताने शिकवतात. अमेरिकेतील नेब्रास्कात झाडे कमी, म्हणून १९व्या शतकाच्या अखेरीस ही गाठींची घरे सुरू झाली. आमच्या मोरा बंदरामागे, उरण तालुक्यात उरलेल्या भातशेतीतही पेंढा निघतो. प्रश्न ओलीचा. आम्ही कापडवाले, १७० किलोची कापसाची गाठ ओल्या फरशीवर कोण ठेवतो? पेंढाही तसाच कुजतो. म्हणून जोते उंच, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब, आणि गिलावा चुन्याचा किंवा मातीचा. सिमेंट आतली ओल कोंडते. असे शिबिर मोऱ्यात भरवायचेच तर कापणीनंतर, कोरड्या पेंढ्यावर भरवावे. एक भिंत उभारून पावसाळाभर ठेवावी, श्रावणात गाठीत हात घालून पाहावे. घराचा सौदा त्यानंतर.