पहिले भूत कोणते?

भयपटांचे शौकीन जमले की एक खेळ हमखास रंगतो : सर्वांत भारी भुताचा सिनेमा कोणता? सिनेमाची अशी चर्चा वऱ्हाडाला नवी नाही. चित्रपटव्यवसायाच्या नकाशावर अमरावती-अकोल्याचा मुलूख आजही ‘सी. पी. बेरार’ म्हणून ओळखला जातो. १९५०मध्ये तो प्रांत गेला, सर्किटचे नाव तेवढे उरले. अमरावती हे या सर्किटमधले वितरणाचे मोठे केंद्र. पण खेळाचा निकाल सिनेमापेक्षा मोजणीवर किती अवलंबून असतो, हे सहसा कुणी तपासत नाही.

समजा, नऊ जण बसले आहेत आणि स्पर्धेत तीन चित्रपट आहेत. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९), रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). प्रत्येकाने चिठ्ठीवर पसंतीक्रम लिहिला. चौघांचा क्रम पुराना मंदिर, तुंबाड, महल. तिघांचा महल, तुंबाड, पुराना मंदिर. उरलेल्या दोघांचा तुंबाड, महल, पुराना मंदिर.

फक्त पहिली पसंती मोजली, तर ४ मतांनी ‘पुराना मंदिर’ जिंकतो. सामरीचे चाहते खूश! पण नऊपैकी पाच जणांनी त्यालाच शेवटी टाकले आहे.

आता सर्वांत कमी मते मिळालेला ‘तुंबाड’ बाद करून त्याची दोन मते दुसऱ्या पसंतीला देऊ. ‘महल’ला ५, ‘पुराना मंदिर’ला ४. विजेता ‘महल’.

पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ० असे गुण दिले, तर ‘पुराना मंदिर’ ८, ‘महल’ ८ आणि ‘तुंबाड’ ११. समोरासमोर लढत लावली तरी ‘तुंबाड’ एकाला ५ विरुद्ध ४ आणि दुसऱ्याला ६ विरुद्ध ३ असा हरवतो. म्हणजे चिठ्ठ्या त्याच, विजेते तीन.

गुणांची पद्धत फ्रान्समध्ये बोर्दा याने १७७०मध्ये मांडली, तर समोरासमोरच्या लढतींचा विचार कोंदोर्से याने १७८५मध्ये. कोंदोर्सेला त्यात एक चकवाही सापडला. तीन मित्रांचे क्रम अ-ब-क, ब-क-अ आणि क-अ-ब असे असले, तर अ हा ब-ला हरवतो, ब हा क-ला आणि क पुन्हा अ-ला. प्रत्येक वेळी २ विरुद्ध १. अशा वेळी बाद फेरी लावली, तर ज्याला थेट अंतिम सामन्यात बसवाल तोच जिंकतो. म्हणून सामने कोणी लावले, हे आधी विचारावे. तरी लोक बाद फेरीच पसंत करतात, कारण वेळ वाचतो : १६ चित्रपटांसाठी १५ सामने पुरतात, प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत लावली तर १२० लागतात.

दुसरी अडचण न पाहिलेल्या चित्रपटांची. एक जुना चित्रपट दोघांनीच पाहिला आणि दोघांनी दहापैकी ९ गुण दिले, सरासरी ९. दुसरा नऊ जणांनी पाहिला, एकूण गुण ७४, सरासरी ८.२. पहिला खरेच सरस का? उपाय सोपा आहे : प्रत्येकाच्या खात्यात ६ गुणांची तीन काल्पनिक मते घालावीत. मग पहिल्याची सरासरी ७.२ होते आणि दुसऱ्याची ७.७. थोड्या मतांचा फुगा उतरतो.

काही वाद मात्र आकड्यांनी मिटत नाहीत. ‘महल’चे रहस्य उलगडल्यावर त्यात भूतच उरत नाही, मग तो या यादीत बसतो का? आणि ‘तुंबाड’ने २०२४च्या पुनःप्रदर्शनात पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली; त्याला गुण द्यायचे ते २०१८च्या मनाने की आताच्या?

हा हिशोब भुतांपुरता नाही. लोकसभेला आपण एकच बटण दाबतो. ज्याला सर्वाधिक मते, तो निवडून येतो. अमरावती विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मात्र मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहावे लागतात. आवश्यक मतांचा कोटा कुणी गाठला नाही, की तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. आपल्या नऊ चिठ्ठ्यांत ‘महल’ला जिंकवणारी पद्धत ती हीच.

कोणतीही एक पद्धत निर्दोष नाही. खेळात एवढेच पाळावे : मोजणी कशी करायची, हे चिठ्ठ्या उघडण्याआधी ठरवावे. उघडल्यावर ठरवली, तर ज्याला ज्याचे भूत हवे, तो तशीच पद्धत मागेल.