नाव पाहूनच रक्कम पाठवा

कामरगावचे आम्ही कापडवाले सुरतेच्या मालाची रक्कम एनईएफटीने पाठवतो. आपली नोंद इतरांच्या नोंदींसह फायलीत जाते आणि रिझर्व्ह बँकेची यंत्रणा दर अर्ध्या तासाला, दिवसाच्या 48 फेऱ्यांत, हिशेब मिटवते. डिसेंबर 2019 पासून हे सुट्टीच्या दिवशीही चालते. फेरीनंतर दोन तासांत रक्कम जमा व्हावी किंवा परत यावी, असा नियम आहे. पण यंत्र नाव जुळवत नाही, खाते क्रमांकच पाहते. एक आकडा चुकला की पैसे परक्याच्या खात्यात! एप्रिल 2025 पासून बँकांना पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवावे लागते, तेही विनामूल्य, शाखेतसुद्धा. व्यापारी बंधूंनी ते मागून घ्यावे. यूटीआर क्रमांक बिलावरच लिहावा. आडत्या ‘पैसे आले नाहीत’ म्हणाला तर बँक तोच विचारते.