नेट गेलं तरी काम चालू: छोट्या उद्योजकासाठी टीमक्स



आजचा विषय आहे ऑनलाइन दुकान स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांसाठी. तुमचं दुकान शॉपिफायसारख्या तयार प्लॅटफॉर्मवर असेल, तर सर्व्हर ते लोक सांभाळतात, तुम्हाला याची गरज नाही. पण दरमहा भाडं भरून क्लाउड सर्व्हर घेतलाय, त्यावर वर्डप्रेस आणि वूकॉमर्स चढवलंय आणि अधूनमधून त्या काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप कराव्या लागतात, तर शेवटपर्यंत वाचा.

नुकसान नेमकं कुठे होतं?

समजा, दिवाळीच्या सेलआधी तुम्ही रात्री दोन कामं लावली. एक, सगळ्या ऑर्डरच्या डेटाबेसचा बॅकअप. दुसरं, दोन हजार फोटोंचे नवे साइज बनवणं. दोन्ही वेळखाऊ. मध्येच लाइट गेली, वायफाय बंद पडलं. लाइट आल्यावर पुन्हा जोडून बघता, तर दोन्ही कामं अर्धवट.

फोटोंचं एक वेळ चालेल, पुन्हा करू. पण अर्धवट बॅकअप जास्त घातक. कारण फोल्डरमध्ये फाइल दिसते, तुम्ही निर्धास्त होता, आणि खरी गरज पडते तेव्हा त्यातल्या निम्म्या ऑर्डर गायब!

असं का होतं? तुम्ही एसएसएचने सर्व्हरला जोडता, तेव्हा तिथे तुमच्यासाठी एक सेशन उघडतं आणि कमांड त्या सेशनच्या आत चालते. कनेक्शन तुटलं की सेशन संपतं आणि आतल्या प्रोग्रामना ‘हँगअप’ नावाचा सिग्नल जातो. हे नाव टेलिफोन लाइनवरून कॉम्प्युटर जोडायचे त्या काळातलं आहे. हँगअप म्हणजे समोरच्याने फोन ठेवला. हा सिग्नल मिळाला की बहुतेक प्रोग्राम आहे तिथेच थांबतात.

टीमक्स म्हणजे गोडाऊनचा मुकादम

तुम्ही काउंटरवरून गोडाऊनला फोन करता, “गाडी भरायला घ्या.” फोन कट झाला म्हणून मुकादम गाडी भरायची थांबवतो का? नाही. त्याला काम कळलंय, तो करत राहतो. थोड्या वेळाने फोन करून तुम्ही विचारता, “कुठवर आलं?”

टीमक्स हेच करतं. ते सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालू राहतं आणि तुमच्या कमांड त्याच्या ताब्यात असतात. तुमचा लॅपटॉप फक्त बघायची खिडकी. खिडकी बंद झाली तरी आत काम सुरूच.

हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे. निकोलस मॅरियट यांनी ते 2007 मध्ये आणलं. याच कामासाठी जीएनयू स्क्रीन हे जुनं साधन 1987 पासून आहे. एखाद्या जुन्या सर्व्हरवर तेच सापडलं तर गोंधळू नका, कल्पना एकच आहे.

चला, सुरू करू

कमांड इथे मराठी अक्षरांत लिहितोय. टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. टीमक्सचं स्पेलिंग: टी, एम, यू, एक्स.

1. उबुंटू सर्व्हर असेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टीमक्स’. बऱ्याच सर्व्हरवर ते आधीपासून असतं.

2. नवं सेशन उघडा: ‘टीमक्स न्यू -एस दुकान’. ‘दुकान’ हे तुम्ही दिलेलं नाव. खाली हिरवी पट्टी दिसली की समजा, तुम्ही आत आहात.

3. आता बॅकअपची कमांड नेहमीसारखी चालवा.

4. बाहेर पडायचंय? कंट्रोल आणि बी एकत्र दाबा, सोडा, मग डी दाबा. याला डिटॅच म्हणतात. काम आत चालू, तुम्ही मोकळे. लॅपटॉप बंद करून खुशाल घरी जा.

5. परत आल्यावर ‘टीमक्स एलएस’ टाइप करा. चालू सेशनची यादी येईल. मग ‘टीमक्स अटॅच -टी दुकान’. जिथे सोडलं होतं, तिथेच पोहोचाल.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. डिटॅच म्हणजे काम सुरू ठेवून बाहेर येणं. ‘एक्झिट’ टाइप केलं तर ती खिडकीच बंद होते, आणि शेवटची खिडकी बंद झाली की सेशन संपतं.

एका सेशनमध्ये अनेक खिडक्या

कंट्रोल-बी नंतर सी दाबलं की नवी खिडकी उघडते. एकीत बॅकअप, दुसरीत फोटो, तिसरीत वेबसाइटचा एरर लॉग. कंट्रोल-बी आणि मग आकडा दाबून हव्या त्या खिडकीत जा. आकडे 0 पासून सुरू होतात.

प्रत्येक खिडकीला नाव द्या. कंट्रोल-बी, मग स्वल्पविराम, नाव टाइप करून एंटर. कंटाळा करू नका. डब्यांवर लेबल नसेल तर साखरेऐवजी मीठ पडतं, तसंच चुकीच्या खिडकीत फाइल डिलीट करायची कमांड पडू शकते.

दोन गोष्टी एकाच वेळी बघायच्या असतील तर कंट्रोल-बी आणि टक्क्याचं चिन्ह: स्क्रीनचे डावे-उजवे दोन भाग होतात. वरचा मजकूर वाचायचा असेल तर कंट्रोल-बी आणि उघडा चौकोनी कंस, मग बाणाच्या किंवा पेज-अपच्या बटणाने वर जा. क्यू दाबलं की परत.

मालकाच्या कामाची गोष्ट

सर्व्हरचं काम बाहेरच्या डेव्हलपरकडून करून घेता? दोघंही सर्व्हरवरच्या एकाच युजरने लॉगिन झालात आणि एकाच सेशनला जोडलात, तर तो काय टाइप करतोय ते तुम्हाला थेट दिसतं. फक्त बघायचं असेल तर अटॅच करताना ‘-आर’ जोडा, म्हणजे तुमच्या हातून चुकून काही टाइप होणार नाही. पैसे आपण देतो, तर काम कसं होतं ते बघून शिकून घ्यायला काय हरकत आहे?

टीमक्स काय करत नाही?

- सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर सेशन जातं. टीमक्स तुमच्या कनेक्शनपासून वाचवतं, सर्व्हर बंद पडण्यापासून नाही.
- रोज ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप हवा असेल तर त्यासाठी क्रॉन वापरा.
- बॅकअप बरोबर झाला की नाही, हे ते तपासत नाही. मायएसक्यूएल-डम्पने घेतलेल्या साध्या बॅकअपच्या शेवटच्या ओळीत सहसा ‘डम्प कम्प्लीटेड’ आणि तारीख असते. ती ओळ बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं धरू नका.

आजचा गृहपाठ

खऱ्या डेटाला हात न लावता सराव करा. सेशन उघडा, ‘टॉप’ ही कमांड चालवा, मग मुद्दाम वायफाय बंद करा. पाच मिनिटांनी पुन्हा जोडून अटॅच करा. आकडे हलताना दिसले की समजा जमलं.

आधी फक्त न्यू, डिटॅच, एलएस आणि अटॅच एवढ्या चारच गोष्टी हातात बसवा. खिडक्यांचं पुढच्या आठवड्यात. आणि सेलच्या आदल्या रात्री शिकायला बसू नका, आजच बसा!