आपाची सायकल

सातवीनंतर आपाची सायकल सुटली. मोठ्या मुलीला सायकल शोभत नाही, असं तेव्हा रत्नागिरीत सगळेच म्हणायचे. पन्नाशी उलटल्यावर ती लंडनला आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही तिघं सायकली ट्रेनमध्ये घालून सफोकमधल्या सडबरीला उतरलो.

लाँग मेलफर्ड, लॅव्हनम, कर्सी आणि परत सडबरी. साधारण चाळीस किलोमीटर. घाईच्या माणसाला तीन तास पुरतात, आम्हाला अख्खा दिवस लागला. मेलफर्ड सोडलं की रस्ते गल्लीएवढे, दोन्हीकडे झुडपांची कुंपणं. मोटार आली तर कुणीतरी थांबायचंच. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून आपाची भीती लवकर गेली.

लॅव्हनमची लाकडी चौकटीची घरं पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लोकरीच्या पैशाची. पुढे धंदा बसला, नवी बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनीच टिकली. काही चक्क कलली आहेत. तिथेच डबा उघडला. चपात्या नि शामी कबाब. बाहेर हलालची चौकशी करत फिरण्यापेक्षा हे बरं.

कर्सीत मुख्य रस्ता उतरत थेट ओढ्यात जातो. बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी छोटा पूल आहे. आम्ही दोघांनी सायकली हातात धरून तो गाठला. आपाने सलवार वर खोचली आणि पाणी उडवत सरळ पलीकडे गेली. मग वळून पुन्हा आली.