मानेतला तो ‘कट्’ आवाज

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून हलकी लाथ मारून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. लहानपणी केस कापून झाले की न्हावीकाका एक हात हनुवटीला, दुसरा डोक्याला लावून मान झटक्यात फिरवायचे. मोठ्या माणसांना त्या ‘कट्’ आवाजानं मोकळं वाटायचं. मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून डोळे मिटून घ्यायचो. पुढं कंबरदुखीसाठी कुणी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे, जायला सुचवलं, तेव्हा अंगावर काटा आला तो याच आठवणीनं. हा आवाज हाडाचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

मणके मागच्या बाजूला छोट्या छोट्या सांध्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण, आत थोडासा वंगणासारखा द्रव आणि त्यात विरघळलेला वायू. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे दिसू लागतात, त्यातलाच प्रकार. आपण बोटं मोडतो तेव्हाही हेच घडतं. पोकळी तयार होताना आवाज येतो की कोसळताना, यावर शास्त्रज्ञ कित्येक वर्षं वाद घालत आहेत. १९७१ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी बुडबुडा कोसळण्याला कारण मानलं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय यंत्रात बोट ओढत चित्रण झालं. ते बोट एका कायरोप्रॅक्टरचंच होतं! त्यात पोकळी तयार होतानाच आवाज आला आणि नंतरही ती दिसत राहिली. २०१८ मध्ये मांडलेल्या गणितानं पुन्हा अर्धवट कोसळणाऱ्या बुडबुड्याकडे बोट दाखवलं. हाड मोडल्याचा हा आवाज आहे, असं मात्र यांतलं कुणीच म्हणत नाही. एकदा वाजलेलं बोट साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, तेही या वायूमुळंच. आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फसला, असंही नसतं.

मग ‘मणका जागेवर बसवला’ म्हणतात ते काय? ही भाषा थेट १८९५ सालातली. अमेरिकेत मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्ट गावात या उपचारपद्धतीचे जनक डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असा दावा केला. शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळं होतात, असं ते सांगत. विज्ञानात याला आधार नाही. मला वाटतं, बरीचशी भीती या कल्पनेतूनच येते: कणा म्हणजे ढासळायला आलेली विटांची चळत, हात लागला की कोसळेल. प्रत्यक्षात जाड अस्थिबंधांनी आणि स्नायूंनी बांधलेला आपला कणा चांगला दणकट असतो. हातानं दिलेल्या झटक्यानं बहुधा स्नायूंचा ताण आणि वेदनेची जाणीव काही काळ कमी होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांशिवायच्या उपायांत व्यायाम, मसाज यांच्याबरोबर हा उपायही सुचवला. लाभ बेताचाच, व्यायामाच्या तोडीचा. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं तर घाबरू नये. ते बहुधा दिवसा-दोन दिवसांत जातं.

मानेची गोष्ट वेगळी, आणि तिथली भीती मी मोडीत काढणार नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो. मानेच्या झटक्यानंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत. हे फार विरळा घडतं. शिवाय धमनी आधीच फाटलेली असली तरी पहिलं लक्षण बहुतेकदा मानदुखीच असतं, म्हणून दोष झटक्याचा की आधीच्या आजाराचा, हे ठरवणं अवघड जातं. पण अचानक उठलेली, कधी न अनुभवलेली मानदुखी किंवा डोकेदुखी, सोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना जीभ अडखळणं असेल, तर मान कुणाच्याही हाती न देता तडक रुग्णालय गाठावं. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तरीही तेच. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी, कर्करोग होऊन गेलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

मी कायरोप्रॅक्टरकडे गेलो तेव्हा बरोबर एक चिठ्ठी नेली होती. तुमचं शिक्षण कुठलं? काय करणार, ते आधी सांगाल का? झटक्याशिवाय दुसरी पद्धत आहे का? ती असते: सांधा सावकाश हलवता येतो, किंवा स्प्रिंगच्या छोट्या उपकरणानं हलका ठोका देता येतो. समोरच्यांनी शांतपणे उत्तरं दिली, हातापायांतली ताकद तपासली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मी म्हणालो, “मानेला हात लावू नका.”

“नाही लावणार,” ते म्हणाले, “आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर नुसता हात वर करा.”

मी पालथा झोपलो. घट्ट आवळलेले खांदे तिथंच थोडे सैल पडले.