नांगराने वर काढलेली नक्षी

उन्हाळी नांगरट सुरू झाली की माझ्या ओट्यावर दगड जमू लागतात. महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी ‘सर, बघा काय निघालंय’ म्हणत गावोगावचे लोक येतातच. कुणाला दगडात नाग दिसतो, कुणाला ओम, कुणाला पान. मी आधी दगड धुवायला लावतो. बरीचशी नक्षी तिथेच मातीबरोबर वाहून जाते.

धुऊनही टिकतं ते ‘पान’. काळंभोर, नेच्यासारखं, इतकं रेखीव की जीवाश्मच वाटावा. पण ते झाडाचं नव्हे. केसाएवढ्या भेगेत मँगेनीज विरघळलेलं पाणी झिरपतं, त्यातलं ऑक्साइड भेगेच्या भिंतीवर साचतं आणि फांदीतून फांदी फुटत जाते. याला डेंड्राइट म्हणतात. भिंगातून पाहा: पानाला ठरलेली कड असते, देठ असतो, मधली शीर असते. इथे यातलं काही नाही. सगळा फाटा भेगेच्या काठावरून आत पसरलेला. मला विचाराल तर जीवाश्म नसूनही ही चीज जपून ठेवण्यासारखी आहे.

सरळ, तांबूस रेघांना मात्र लिपी समजू नका. नांगराचा फाळ गारगोटीवर घासला की गारगोटीला ओरखडा उठत नाही, उलट लोखंडच झिजून तिला चिकटतं आणि पावसात गंजतं. एका पिढीपूर्वीचा ‘शिलालेख’!

काळ्या पाषाणातले पांढरे ठिपके जुने आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तो थिजताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पाण्याने त्यांत खनिजं भरली. थरावर थर बसले तर पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. ठिपक्यावर चाकूचं टोक ओढा. ओरखडा उठला आणि खरवडलेल्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तर कॅल्साइट. चाकू नुसताच घसरला, तर गारगोटीच्या जातीचं काहीतरी.

अंगारे-धुपारे लागलेल्या दगडाबद्दल मी वाद घालत नाही. त्यावरची पांढरी शीर क्वार्ट्झची आहे एवढं सांगतो आणि चहा विचारतो.

खरा जीवाश्म शेतात मिळतच नाही, असं मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या रानात डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडली. त्या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले, आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे 2005 मध्ये जगापुढे आलं. दिसायला ते मातकट गोळे; एखाद्याने बांधावर भिरकावले असते तरी नवल नव्हतं.

म्हणून दगडाच्या कापात हाडासारखी बारीक छिद्रं किंवा लाकडासारखी वर्षवलयं दिसली, तर तो फोडू नका, तेल-शेंदूर लावू नका. जागेवरच शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातला भूगर्भशास्त्र विभाग किंवा नागपूरचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय गाठा. कुठे सापडला हे सांगता आलं नाही, तर अभ्यासकाच्या लेखी त्या दगडाची निम्मी किंमत गेली.