नांग्या आणि घड्याळ

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांच्या गोष्टी कशाला लिहाव्यात, असे माझ्या एका मित्राने विचारले. त्याचे उत्तर मला जामनेर तालुक्यातील आमच्या कपाशीच्या शेतात सापडले, म्हणून हा प्रपंच.

१९७९ साली पुण्यात दोन टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी ऑप्टिकल फायबर सुरू झाली; भारतातील ती पहिली. या काचेच्या तारेतून प्रकाशाची उघडझाप जाते. प्रकाश म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. या खुणांना बिट म्हणतात. सेकंदाला अशा शंभर कोटी खुणा धावल्या, तर एका खुणेच्या वेळात प्रकाश तारेत जेमतेम वीतभर पुढे सरकतो.

अडचण अशी की, लागोपाठ शून्ये आली तर घेणाऱ्याला नुसता अंधार दिसतो. ती शून्ये तीन की चार, हे कळायला घड्याळ हवे. पाठवणाऱ्याच्या घड्याळाचे ठोके वेगळ्या तारेने आणावेत, तर खर्च वाढतो आणि दोन्ही तारांतील प्रवास तंतोतंत सारखा होईलच असे नाही. घेणाऱ्याने स्वतःचे ठेवावे, तर कोणतीही दोन घड्याळे हुबेहूब चालत नाहीत. मग ठोका आलेल्या खुणांतूनच शोधावा लागतो.

आम्ही सरकी लावतो, तेव्हा काही जागी ती उगवत नाही. त्या नांग्या माय भरते. तिच्या हाती ना दोरी, ना काठी. आजूबाजूची रोपे पाहून ती सांगते, "इथं दोन राहिली." घेणारे यंत्र हेच करते. अंधाराचा प्रकाश किंवा प्रकाशाचा अंधार होण्याचा प्रत्येक क्षण म्हणजे उगवलेले रोप. यंत्र आपला ठोका त्याच्याशी ताडून पाहते. मागे पडला तर वेग वाढवते, पुढे गेला तर कमी करते. एक रोप वाकडे उगवले म्हणून माय अख्खी ओळ हलवत नाही. यंत्रही एका खुणेच्या थरथरीने बिचकत नाही, अनेकींचा कल पाहते. ठोका जुळला की प्रत्येक खूण तिच्या ऐन मध्यावर वाचली जाते, कारण कडेला चूक होण्याचा संभव अधिक. या रचनेला फेज लॉक्ड लूप म्हणतात. फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ यांनी १९३२ साली रेडिओसाठी अशी कल्पना मांडली होती.

परंतु ओळच्या ओळ उगवली नाही, तर मायचाही अंदाज चुकतो. यंत्राचेही तसेच. म्हणून पाठवणाराच काळजी घेतो. १९८३ साली आय.बी.एम.च्या विडमर व फ्रानाझेक यांनी आठ बिटांऐवजी दहा पाठवण्याची पद्धत मांडली. तीत लागोपाठ पाचांहून अधिक सारखे बिट येत नाहीत. दोन बिट जास्त जातात, पण ठोका हरवत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. इंग्रजी शब्द पाहून विज्ञान आपले नव्हे, असे मी ठरवून टाकले होते. हे सारे मायला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "हे तं आम्ही रोजच करतो."

तिचे खरे आहे. मात्र तिच्या हाताला जे ठाऊक आहे, ते शब्दांत मांडणारा कोणीतरी हवा. ते काम कला शाखेच्या विद्यार्थ्याचे नाही, तर कोणाचे?